मिक्सर कुठला घेऊ? आधी तानपुरा ऐकून ये

नाव-गाव छापू नका अशी विनंती होती, म्हणून पत्राचा गाभा तेवढा देतोय.

लिहिणारा २८ वर्षांचा, मिरजेच्या आसपास राहणारा. सात वर्षं एका साऊंडवाल्याकडे ऑपरेटर आहे. लग्नं, ऑर्केस्ट्रा, भजन, गॅदरिंग, गणपती, जे येईल ते करतो. मालकाकडे २४ चॅनलचा जुना अ‍ॅनालॉग मिक्सर आहे. गेल्या महिन्यात एका मंगल कार्यालयात शास्त्रीय गाण्याचा कार्यक्रम होता, तिथं गायिका मधेच थांबली आणि माईकवरूनच म्हणाली, "तानपुरा ऐकूच येत नाहीये, आणि माझा आवाज पत्र्यासारखा येतोय." तीनशे माणसं मागं वळून ह्याच्याकडे बघायला लागली. त्या रात्रीच ठरवलं की ७ लाखाचं कर्ज काढून स्वतःचा डिजिटल मिक्सर आणि चांगले अ‍ॅक्टिव्ह स्पीकर घ्यायचे. दोन मिक्सरवर येऊन अडलाय, दीड महिना व्हिडिओ बघतोय, एकाचे प्रीअँप (माईकचा बारीक आवाज मोठा करणारा मिक्सरमधला भाग) म्हणे जास्त 'वॉर्म' आहेत. बायकोला सातवा महिना, वडील म्हणतात कुपवाड एमआयडीसीत नोकरी बघ. प्रश्न एवढाच की दोनपैकी कोणता घेऊ. आणि अगदी शेवटी, सही करायच्या आधी एक ओळ: "कधीकधी रात्री कानात शिट्टी वाजते, पण ते आपल्या लाईनमध्ये सगळ्यांनाच होतं."

मित्रा,

वयानं बराच पुढं आहे म्हणून अरे-तुरे करतोय, चालवून घे.

आधी त्या संध्याकाळबद्दल. भर कार्यक्रमात गाणाऱ्यानं आपल्याकडे बोट दाखवलं की पोटात जे होतं ते मला माहितीये. माझ्यावर ही वेळ कीर्तनात आली होती. मी बुवांचा माईक समजून मृदंगाचा चढवत बसलो आणि बुवा अर्धा मिनिट नुसते ओठ हलवत होते. त्यांनी मग तिथल्या तिथं माझ्यावरच एक दृष्टांत रचला, सगळा मंडप हसला, मी केबल गुंडाळायचं नाटक करत खाली बसलो. दुसऱ्या दिवशी मला पण वाटलं होतं की मिक्सरच बदलायला पाहिजे. त्या मिक्सरचा काय संबंध होता सांग बरं, माझ्या पट्टीवर नावं लिहिलेली नव्हती एवढंच!

तुझ्या पत्रात दोन मिक्सरबद्दल तीन पानं आहेत आणि त्या हॉलबद्दल चार ओळी. मी त्या चार ओळी पाच-सहा वेळा वाचल्या. खाली फरशी, दोन्ही बाजूंना काचेच्या खिडक्या, वर पत्रा. डेकोरेशनवाल्यांचं आवरेना आणि मग दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, त्यामुळं साऊंड चेकला दहा मिनिटं. स्टेजवर सहा माईक चालू. तानपुऱ्याचा माईक शिट्टी मारायला लागला म्हणून तो खाली घेतला, तरी आवाज टोचतोय म्हणून मेनच्या ग्राफिकवर (मोठ्या स्पीकरचे खालचे-वरचे आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांनी कमी-जास्त करायचं यंत्र) वरच्या सगळ्या पट्ट्या खाली ओढल्या.

आता काय झालं ते बघ. तू मेनवर हाय, म्हणजे वरचे आवाज, कापले, मालकाच्या वायरिंगमध्ये मॉनिटर (गाणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर) पण त्याच ग्राफिकमधून जातोय असं तूच लिहिलंयस, म्हणजे तिच्या मॉनिटरमधला तानपुरा पण गेला. तानपुरा म्हणजे काय असतो, खालचा घुमारा थोडा आणि वरचा झंकारच जास्त, तो झंकार तू कापलास. तिला सूर सापडेना, तिनं खुणेनं मॉनिटर वाढवायला सांगितला, तू वाढवलास, मॉनिटर वाढला तशी शिट्टी आली, तू अजून कापलंस. वर हॉल नुसता घुमतोय. ह्या चक्रात ७ लाखाचा मिक्सर ठेवला असता तर हेच झालं असतं, फक्त पट्ट्या टचस्क्रीनवर छान रंगीत दिसल्या असत्या.

म्हणून पहिलं काम सांगतो आणि ते फुकट आहे. तू मिरजेजवळ राहतोस. देशभरातले गवई जिथून तानपुरे घेऊन जातात ते गाव तुझ्या दाराशी आहे, मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन सुद्धा मिळालं. एखाद्या कारागिराला विचारून त्याच्या दुकानात एक सकाळ बस. जवारी, म्हणजे तारेचा झंकार, लावताना बघ. घोडीवर तारेखाली एक साधा सुताचा दोरा असतो, तो केसभर पुढं-मागं सरकवतात. एका जागी तार मुकी असते, ठण करते आणि संपते. दोरा जरासा सरकला की तीच तार उघडते, मधमाशा घोंगावल्यासारखा आवाज सुरू होतो आणि बराच वेळ हवेत राहतो. डोळे मिटून हे दहा वेळा ऐक. तू त्या दिवशी ग्राफिकवर नेमकं काय कापलंस ते तुझ्या कानाला कळेल, मी कितीही लिहिलं तरी कळणार नाही. ज्यानं वाद्य हातभर अंतरावरून, माईकशिवाय ऐकलेलं नाही त्यानं स्पीकरमधून आलेला आवाज 'नॅचरल' आहे की नाही हे ठरवायचं कशाच्या जोरावर? आपल्या लाईनमध्ये निम्म्या लोकांनी पखवाज सुद्धा फक्त स्पीकरमधूनच ऐकलेला असतो. असो.

आता त्या हॉलकडे येऊ. फरशी-काच-पत्रा अशा ठिकाणी आवाज वाढवला की स्पष्टपणा वाढत नाही, घुमणंही तेवढंच वाढतं. स्टेजच्या दोन कोपऱ्यांत दोन मोठे स्पीकर ठेवून शेवटच्या रांगेपर्यंत ढकलायचं म्हटलं की हॉर्नमधून (स्पीकरचा वरचे आवाज फेकणारा भोंगा) निघालेला आवाज समोरच्या भिंतीवर आणि पत्र्यावर आदळतो. त्यापेक्षा स्पीकर उंच घेऊन तोंड खाली माणसांकडे कर, आणि हॉलच्या मध्यावर दोन छोटे स्पीकर कमी आवाजात लाव. ते मधले स्पीकर उशिरा वाजवावे लागतात बरं का, कारण आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर चालतो, म्हणजे १५ मीटरला ४३-४४ मिलिसेकंद. ते डिले नाही टाकलं तर मागच्या लोकांना प्रत्येक शब्द दोनदा येतो. (हे जुन्या अ‍ॅनालॉगवर होत नाही, वेगळा प्रोसेसर लागतो. डिजिटल मिक्सर घ्यायचं हे एक खरं कारण, तुझ्या पत्रात ते कुठंच नव्हतं!)

चालू माईकची संख्या हा दुसरा चोर. चालू माईक दुप्पट झाले की शिट्टी यायच्या आधीची जागा ३ डीबीनं (डेसिबल, आवाज मोजायचं माप) कमी होते. सहा माईक म्हणजे तू सुरुवातीलाच जवळजवळ ८ डीबी गमावून बसलेलास. निवेदकाचा माईक गाणं चालू असताना उघडा कशाला? आणि मॉनिटर कुठं ठेवला होतास? एसएम५८ सारख्या कार्डिऑइड माईकला सगळ्यात कमी ऐकू येतं ते बरोबर पाठीमागं, म्हणून मॉनिटर सरळ समोर ठेवायचा. बीटा ५८ सारखा सुपरकार्डिऑइड असेल तर त्याचा बहिरा भाग मागं पण दोन्ही बाजूंना, साधारण १२५ अंशांवर असतो, मग मॉनिटर तिरका. माईक बदलला आणि मॉनिटर तिथंच राहिला की लोक मिक्सरला शिव्या देतात. शास्त्रीयवाल्यांच्या मॉनिटरमध्ये तानपुरा भरपूर दे आणि त्यांचा स्वतःचा आवाज हळूहळू घाल, बहुतेकांना तेच हवं असतं. आणि दहाच मिनिटं असतील तर तबला ठणठण वाजवत त्यात आठ मिनिटं घालवू नकोस, आधी गाणाऱ्याचा मॉनिटर, बाकीचं पहिल्या आलापात होतं.

आता तुझा लाडका विषय, वॉर्म प्रीअँप.

मी एकदा एका दुकानात स्पीकरची जोडी ऐकली आणि तिथंच पैसे दिले. एसी खोली, जाड पडदे, दुकानदारानं स्वतःचं गाणं लावलं, आधी एक जोडी वाजवली मग दुसरी, दुसरी काय सुंदर वाटली, अंगावर काटा. आठवड्यानं उघड्या मैदानावर तीच जोडी वाजवली तर तिसऱ्या रांगेच्या पुढं शब्द जाईना आणि तोंडी लावायला बास पण नव्हता. खूप दिवसांनी कळलं की दुसरी जोडी त्यानं थोडी मोठ्यानं वाजवली होती. बस्स. माणसाचा कान असाच आहे, आवाज जरा वाढला की बास आणि ट्रेबल जास्त भरून येतात आणि तेच आपल्याला 'चांगलं' वाटतं. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन ह्या दोघांनी हे आलेख काढून दाखवलेलं आहे आणि दुकानदार लोक ते न वाचताच वापरतात.

तर दोन वस्तूंची तुलना करायची असेल तर आधी आवाज सारखा कर, पिंक नॉइज (चाचणीचा एकसारखा खळखळता आवाज) वाजव, मिक्सर असेल तर दोन्हींच्या आउटपुटला मल्टीमीटर लावून व्होल्टेज सारखं कर, स्पीकर असतील तर एकाच जागी मीटर धरून. फरक अर्ध्या डीबीच्या आत आण. मग तुझाच माईक, तुझ्या ओळखीचा गळा, आणि बदलणारा दुसरा कोणीतरी, तू पाठ करून बस. दहा वेळा ओळखून दाखव. नऊ वेळा बरोबर आलं तर फरक आहे. पाच-सहा वेळा आलं तर पैसे खिशात ठेव. व्हिडिओवरून हे होत नाही, एकतर तो आवाज दाबून-चेपून तुझ्यापर्यंत आलाय, दुसरं म्हणजे तू इअरफोनवर ऐकतोयस. आणि खरं सांगू का, चालू काळातल्या कुठल्याही बऱ्या मिक्सरच्या प्रीअँपची खरखर त्या मंगल कार्यालयाच्या पंख्यांच्या आवाजात बुडून जाते. स्टुडिओत बसून फरक सापडेल, पत्र्याखाली नाही सापडणार.

स्पीकरच्या कागदावरचे वॅट पण जपून वाच. '२००० वॅट' मोठ्या अक्षरात असतं ते बहुतेक वेळा पीक असतं, सलग चालणारी पॉवर त्याच्या निम्मी किंवा त्याहून कमी. आणि वॅट दुप्पट म्हणजे फक्त ३ डीबी. कानाला 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण १० डीबी लागतात, म्हणजे दहापट पॉवर. त्यामुळं हजारचा सोडून दोन हजारचा घेतला म्हणून मैदान भरत नाही. वॅटपेक्षा हॉर्नचा कोन किती ते बघ. फ्रिक्वेन्सी रेंज लिहिली असेल तर ती उणे ३ डीबीला आहे का उणे १० ला ते बघ, उणे १० वाला '४० हर्ट्झपर्यंत' म्हणजे ४० हर्ट्झ नावापुरताच.

मिक्सर बघायला जाशील तेव्हा माझे प्रश्न वेगळे असतील. लाईट गेली, जनरेटरवर गेलं, तर हा परत चालू व्हायला किती सेकंद घेतो? अ‍ॅनालॉग लगेच बोलतो, डिजिटल कॉम्प्युटरसारखा उठतो, तेवढा वेळ मंडपात शांतता आणि सगळ्या माना तुझ्याकडे. म्हणजे यूपीएसचे पैसे बजेटमध्ये धर. एप्रिलच्या उन्हात, जत्रेच्या धुळीत ती स्क्रीन दिसते का? अंधारात, घाबरलेल्या हातानं गायिकेचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) दोन सेकंदात सापडतो का? बिघडला तर सर्व्हिस कुठं, पुण्याला का मुंबईला, आणि तेवढे दिवस तू काय वाजवणार? तुझ्या भागात बाकी लोक काय वापरतात? बाहेरचा इंजिनिअर पेनड्राइव्हमध्ये आपली फाईल घेऊन येतो, एक्स३२ सारखा सगळ्यांच्या हातातला असेल तर तो खुश, तुझा आगळावेगळा असेल तर तो तोंड वाकडं करणार, आवाज कितीही वॉर्म असो. आणि यूएसबीवर सगळे चॅनल वेगवेगळे रेकॉर्ड होतात का हे नक्की विचार. कारण मग त्या संध्याकाळचं गाणं जसंच्या तसं रिकाम्या हॉलमध्ये परत सोडून, गायिका समोर नसताना, कोणी मागं वळून बघत नसताना, तू चार तास प्रॅक्टिस करू शकतोस. अ‍ॅनालॉगवर मला ही चैन कधी मिळाली नाही.

म्हणजे मी घेऊ नको म्हणत नाहीये. कर्ज काढून, ह्या महिन्यात, ह्या कारणासाठी घेऊ नको म्हणतोय.

हिशोब करू. ७ लाख, तीन वर्षं, १४ टक्के धरले तर हप्ता २४ हजाराच्या आसपास. मिक्सर-स्पीकरचं दिवसाला ३ हजार भाडं सुटेल असं धरलं तर महिन्याला आठ तारखा फक्त बँकेच्या. लग्नसराईत, गणपती-नवरात्रात जमेल. आषाढात काय करणार? बँकेला चातुर्मास माहिती नसतो. शिवाय सामान तुझं झालं की तू मिक्सरमागं उभा राहणार का टेम्पो, हमाल, उधारी आणि 'पुढच्या वेळी बघू' म्हणणारी मंडळं सांभाळणार? तो धंदा वाईट नाही, चांगला करणारे आहेत, पण ते वेगळं काम आहे आणि तुला ते आवडतं असं पत्रात एका शब्दानं आलेलं नाही. मला तुझ्या पत्रात मिक्सरपेक्षा जास्त काय दिसलं सांगू, चारचौघांत झालेला अपमान. तो धुऊन काढायला ७ लाख फार होतात रे.

मधला रस्ता असा आहे. ४०-५० हजारात स्वतःची एक पेटी कर: एक चांगला व्होकल माईक, दोन डीआय बॉक्स (वाद्याची वायर मिक्सरला जोडायची डबी), बरा हेडफोन, एक साधा मेझरमेंट माईक (ओपन साऊंड मीटर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं), केबल टेस्टर, मल्टीमीटर, टॉर्च, लिहायला टेप. मल्टीमीटर आवाजासाठी नाही, जिवासाठी. वायरी जोडायच्या आधी प्रत्येक नव्या जागी अर्थिंग तपास आणि हम (स्पीकरमधला गूंऽ आवाज) येतोय म्हणून कोणी अर्थची पिन काढ म्हणाला तर त्याला स्टेजवरून खाली पाठव. हम घालवायला डीआयचा ग्राउंड लिफ्ट असतो, पिन नसते काढायची. मग डिजिटल मिक्सर भाड्यानं आणून पाच कार्यक्रम कर, पाचही वेगळ्या जागी, आणि प्रत्येकाच्या दुसऱ्या दिवशी वहीत लिही की आज मिक्सरमुळं काय जमलं आणि कशामुळं अडलं. मालकाशी पण बोल. सात वर्षांचा भरवशाचा माणूस सोडून जाणार ह्या भीतीनं मालक लोक बऱ्याच गोष्टी विकत घेतात. त्यानं मिक्सर घ्यायचा आणि त्यावरच्या तारखांत तुझा वाटा, असं कागदावर लिहून ठरवता येतं. आणि वडिलांवर चिडू नकोस, घरात बाळ येतंय, त्यांना महिन्याच्या महिन्याला येणारा आकडा हवाय. कॉलेजची सभागृहं, देवस्थानं, ऑफिसं ह्यांचं साऊंड बसवून देणारी कामंही असतात, तिथं पण तुझ्यासारखा माणूस लागतो, आणि ते रात्री नऊला घरी येतात.

आता ती शेवटची ओळ.

तू ती सहीच्या वर एका कोपऱ्यात लिहिलीस, मी असतो तर पत्राची सुरुवात तिथून केली असती. कानात शिट्टी 'सगळ्यांनाच' होते हे खरं आहे आणि म्हणूनच आपल्या लाईनमधले निम्मे लोक पन्नाशीत ट्रेबल वाढवत बसतात. ८५ डीबीला आठ तास, ही कामाच्या जागेसाठी वापरली जाणारी मर्यादा आहे. पुढं प्रत्येक ३ डीबीला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९४ ला एक तास, १०० ला फक्त पंधरा मिनिटं. मिरवणुकीत तू स्पीकरच्या भिंतीपासून किती लांब उभा असतोस आणि किती तास? ढोलपथकाच्या मध्ये? कानात कापूस घालून भागत नाही, कापूस वरचे आवाज थोडे अडवतो आणि बाकीचं आत सोडतो. वादकांसाठीचे इअरप्लग मिळतात, ते सगळ्या फ्रिक्वेन्सी साधारण सारख्या कमी करतात, मिक्सिंग चालू ठेवता येतं, दोन-तीन हजारांत चांगले येतात.

आणि तपासणी. मिरजेत दवाखान्यांना काय तोटा आहे, बाहेरच्या जिल्ह्यांतून, कर्नाटकातून लोक तिथं उपचाराला येतात. ह्याच आठवड्यात कान-नाक-घसावाल्याकडे जाऊन ऑडिओग्राम (कानाला कुठला आवाज किती ऐकू येतो त्याचा आलेख) काढून घे, आदल्या दिवशी मोठ्या आवाजात काम करू नकोस. त्या आलेखात ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसला तर मोठ्या आवाजानं झालेलं नुकसान आधी तिथंच दिसतं हे लक्षात ठेव, आणि डॉक्टर काय म्हणतात ते ऐक. एक शक्यता सांगतो, घाबरू नकोस. तुझा कान तिथं थोडा बसलेला असेल तर तू प्रत्येक कार्यक्रमात नकळत तेवढा भाग जास्त देतोयस, तुला ठीक वाटतं आणि समोरच्याला टोचतं. पत्र्यासारखा आवाज म्हणाली ना ती?

असेलच असं नाही, कदाचित नुसता तो पत्रा आणि काचाच असतील. पण मिक्सरच्या दुकानात जायच्या आधी तो आलेख हातात असू दे, आणि काय आलं ते मला कळव, मग दोनपैकी कोणता ते बोलू.